कमलबाईची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस राहिले असताना निंबा कोतवाल बातमी घेऊन आला, की सर्कल साहेब घरोघरच्या चुली बघायला येणार आहेत. तेव्हा हिलालच्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडं चूल एकच आहे.

तशी ती एक असणं हा काही नवा शोध नव्हता. सुनंदाबाई हिलालशी लग्न करून शिंदखेड्याजवळच्या या गावात आली, तेव्हापासून घरातलं झाडून सगळं त्या एकाच चुलीवर शिजत होतं. पुढं गॅस आला, तोही एकच. पण सरकारदरबारी या घराची तीन घरं होती. थोरला हिलाल, हे एक. धाकटा नवल, हे दुसरं. आणि दोघांच्या मधली सख्खी बहीण कमलबाई, हे तिसरं. तिघांची तीन रेशनकार्डं होती. त्यांतलं कमलबाईचं पिवळं, म्हणजे सगळ्यांत वजनदार, कारण कमलबाई निराधार होती.

घरात आठ माणसं होती आणि त्यांतली एक निराधार होती. याचं कोणाला कधी काही वाटलं नव्हतं.

कमलबाईचा नवरा रुपचंद लग्नानंतर सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला. पहिल्या वर्षी त्यानं साडी पाठवली, दुसऱ्या वर्षी निरोप पाठवला, तिसऱ्या वर्षी काहीच पाठवलं नाही. तिथं त्यानं दुसरं घर केल्याचं कानावर आलं. त्या साली कमलबाई आखाजीला माहेरी आली. आखाजीला सगळ्याच लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस खातात आणि आठ-पंधरा दिवसांनी परत जातात. कमलबाईची ती आखाजी, सोळा वर्षं झाली, अजून चालू होती.

निंबा ओट्यावर बसून चहा फुंकत म्हणाला, "साहेब घरमा घुसीसन देखस, हिलालभाऊ. चूल कोठे, भांडा कोठे, कोन कोनासंगे जेवस. ज्यासनी चूल एक, त्यासनं कार्ड एक."

"आनि निराधारनं?" हिलालनं विचारलं.

निंबानं तूर निवडत बसलेल्या कमलबाईकडं एकदा पाहिलं आणि चहात बघत म्हणाला, "आते निराधार बाई भाऊना घरमा भाऊना ताटमा जेवत व्हई, त मंग ती कसानी निराधार?"

प्रश्न चांगला होता. म्हणून कोणी उत्तर दिलं नाही.

कमलबाई तूर निवडत राहिली. भावाच्या घरात ती उपाशी नव्हती, हे कोणीही शपथेवर सांगितलं असतं. पण महिन्याच्या महिन्याला तिच्या पिवळ्या कार्डावरचं धान्य घरातल्या कोठीत पडायचं, आणि त्यानंतर कोणाचे गहू, कोणाचे तांदूळ, हे ओळखायची सोय नसायची. सगळे आठ जण ते खायचे. त्या धान्याच्या जोरावर कमलबाई जेवताना दुसरी भाकरी कुणाच्या तोंडाकडं न बघता घ्यायची. कार्ड गेलं, तरी दुसरी भाकरी मिळणार होतीच. फक्त आधी बघावं लागणार होतं.

"तीन चुली पायजेत," हिलाल म्हणाला. "आजथीन."

*

दुसरी चूल नवलच्या बायकोनं, दिपमालानं, इतक्या झपाट्यानं मांडली, की जणू ती लग्नापासून याच बातमीची वाट बघत होती. मधल्या खोलीत तिनं फळी ठोकून घेतली, माहेरचे स्टीलचे डबे ट्रंकेतून काढले, माहेराहूनच जुनी शेगडी आणवली आणि दाराला फुलाफुलांचा पडदा लावला.

सुनंदाबाई दारात उभी राहून बघत होती. "नाटकले येवढा पडदा लागस का?"

"नाटकलेच पडदा लागस, मोठ्या बाई," दिपमाला म्हणाली आणि तिनं पडद्याची एक घडी सरळ केली.

तिसरी चूल गोठ्यात घालायचं ठरलं. बैल दोन वर्षांपूर्वीच विकले होते. गोठ्यात आता नवलची मोटरसायकल राहायची. ती बाहेर उन्हात काढली, गव्हाणीशेजारची जागा झाडली आणि कमलबाईनं माती-भुसा कालवून स्वतःच्या हातानं चूल घातली. चूल देखणी झाली. तीच तर अडचण होती.

"हाई काल्हदिन घालेल दिसस," हिलाल म्हणाला. "सोळा वरीसनी चूल आशी ऱ्हास का? कायी करा तिले."

चूल काळी करायचं काम नवलनं अंगावर घेतलं. नवलनं कुठलंही काम अंगावर घेतलं, की घरातले थोडे लांब सरकत. तो गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल बाटलीत घेऊन आला आणि चिंधीनं चुलीला चोपडलं. चूल काळी झाली, चकाकू लागली, आणि तिला ट्रॅक्टरचा वास यायला लागला.

कामिनी, सुनंदाबाईची लेक, दहावीचा शेवटचा पेपर टाकून मोकळी झालेली आणि त्यामुळं घरातल्या प्रत्येक भानगडीत हजर असलेली, नाक धरून आत्याला म्हणाली, "फुई, आते साहेब इचारी, आठे भाकरी करतस का सर्व्हिसिंग?"

"गप ओ," नवल म्हणाला. "रंग त देख."

कमलबाईनं बादलीभर पाणी आणलं, ऑइल खरवडून काढलं, चुलीला पुन्हा मातीचा हात दिला आणि काड्या पेटवल्या. चूल काळी करायचा एक जुना उपाय होता. तिच्यावर स्वयंपाक करायचा.

तिनं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घेतलं. परातीत मीठ टाकताना तिचा हात थांबला. चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या डॉक्टरनं हिलालला रक्तदाब सांगितला आणि मीठ बंद केलं. सुनंदाबाईनं ते सगळ्यांचंच बंद केलं. एकासाठी वेगळं कोण रांधणार, चूल एक. आता गोठ्यात कोणी नव्हतं. कमलबाईनं चिमूटभर मीठ टाकलं. मग अजून चिमूटभर. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिसरी चिमूटही टाकली.

भाकरी उतरली, मिरचीचा ठेचा झाला, कमलबाईनं पहिला घास मोडला आणि चावायचीच थांबली. भाकरीला चव होती! चांगली ओळखीची चव, चार वर्षं गावाला गेलेल्या मैत्रिणीसारखी अचानक दारात उभी. कमलबाईनं पूर्ण भाकरी एकटीनं, हळूहळू, गव्हाणीला टेकून खाल्ली. समोर कोणी नव्हतं. दुसरी भाकरी घेताना बघायला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामिनी आली. "माले वास उना, फुई." संध्याकाळी दिपमालाची दोन्ही पोरं आली, त्यांना कोणी वास आल्याचं विचारलंही नाही. रात्रीच्या जेवणाला नवल आला. "मी नुसतं देखाले उनू," तो म्हणाला आणि देखता देखता दोन भाकरी संपवल्या. "अक्का, ठेचा अजून शे का?"

अशा रीतीनं निराधार बाईच्या चुलीवर चार माणसं जेवू लागली.

तिसऱ्या संध्याकाळी सुनंदाबाई गोठ्याच्या दारात आली. तिच्या स्वयंपाकघरात भाकरींची चवड तशीच पडली होती आणि तिच्यासमोर हिलाल एकटा, बिनमिठाचा, बसला होता.

"कमलबाई, साहेब त परवा येनार शे," ती म्हणाली. "आतेपासून इतलं मन लाईसन रांधानी काय गरज?"

"सवय नको का व्हवाले, वहिनी?"

"कसानी सवय?"

कमलबाईनं जाळ पुढं ओढला. तिला स्वतःलाही ते नीट माहीत नव्हतं.

सुनंदाबाई रागावली की कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीनं ती कामिनीला घेऊन शिंदखेड्याला गेली आणि दुपारी परत आली, ती कुंभाराकडच्या तीन घागरी घेऊन. तीन नव्या, लाल, खणखणीत घागरी. एक डोक्यावर, एक कडेवर, एक कामिनीच्या डोक्यावर.

"तुम्ही चुली चुली करी ऱ्हायनात," तिनं ओट्यावर घागरी उतरवल्या. "साहेब बी आपला भागनाच शे. तीन चुली देखी, नि सकाय आखाजीले घरमा घागर एकच देखी, त इचारी नई का? जो वेगळा निंघना, त्यानी घागर वेगळी."

सगळे थक्क झाले. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, मांडे-आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. भाऊ वेगळे झाले की घागरीही वेगळ्या होतात. खरं तर गावात घर फुटल्याचं लोकांना त्यावरूनच कळतं. हिलालनं बायकोकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्यानं बोअरला पाणी लागलं तेव्हा शेवटची वापरली होती.

एक घागर हिलालच्या देवघरापाशी गेली, आई-बापाच्या नावानं. दुसरी पडद्याआड नवलकडं, त्याच आई-बापाच्या नावानं. म्हातारा-म्हातारीला यंदा दोनदा जेवावं लागणार होतं. तिसरी सुनंदाबाईनं गोठ्यात नेऊन ठेवली आणि मांड्यांच्या पुरणाकडं पळाली.

आखाजीच्या पहाटे कमलबाईनं तिसऱ्या घागरीत पाणी ओतलं. तिच्या गळ्याला दोरा गुंडाळला, वर डांगर ठेवलं. पाणी भरताना नाव घ्यायचं असतं. कमलबाईनं पाणी भरलं आणि नावाच्या जागी गप्प राहिली.

*

साहेब येणार होते दुपारी. आले सकाळी नऊला.

अंगणात मोठ्या दगडांवर मांडे भाजायचं खापर पालथं घातलेलं, खाली जाळ ढणढणतोय, आणि तीन वेगळ्या घरांच्या तीन बायका त्या एका खापराभोवती घामानं निथळताहेत, अशा वेळी निंबाला मागं बसवून साहेबांची मोटरसायकल थेट अंगणात शिरली. दिपमाला पळाली आणि पडद्यात अडकली. कमलबाई जाळापाशीच बसून राहिली. सुनंदाबाईला पळताच येईना. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणलेला मांडा होता, टॉवेलाएवढा, आणि मांडा हातावर असताना बाईला खापर सोडून दुसरीकडं कुठं जाता येत नाही.

साहेब पन्नाशीचे, बारीक, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांनी खापराकडं पाहिलं, मांड्याकडं पाहिलं.

"एकत्रच का?"

"खापर मांगी लयेल शे, साहेब," हिलाल म्हणाला. "सनले एकमेकनं वापरतस."

"हां. खापर कोण तीन-तीन घेतं," साहेब म्हणाले. "आमच्या अमळनेरलाही चार घरांत एकच फिरतं. मलाही लवकर परत जायचंय. घरी घागर राहिलीय माझी."

सुनंदाबाईनं मांडा खापरावर टाकला आणि नवऱ्याकडं विजयानं पाहिलं. सांगितलं नव्हतं?

साहेबांनी पहिली चूल पाहिली, पहिली घागर पाहिली. दुसऱ्या खोलीत पडदा बाजूला केला, दिपमालाच्या कढईवर अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती ती वाचली, दुसरी घागर पाहिली. मग गोठ्यात आले. त्यांच्या मागं हिलाल, नवल, निंबा, पडद्यातून सुटलेली दिपमाला, हात धुतलेली सुनंदाबाई, आणि सगळ्यांच्या पुढं घुसलेली कामिनी.

तिसऱ्या चुलीपाशी साहेब वाकले. राख बघितली. बोटानं काजळी पाहिली. ती खरी होती. मग त्यांनी टोपल्यावरचं फडकं उचललं.

"एकटी बाई ना? मग पाच भाकरी कशाला?"

"कुत्राले, साहेब," नवल चटकन म्हणाला.

काल याच टोपल्यातल्या दोन त्यानंच खाल्ल्या होत्या. कामिनीला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर जाऊन भिंतीला धरून खोकून आली.

साहेब वळले आणि त्यांना घागर दिसली.

"ही कुणाची घागर?"

आणि त्या क्षणी, एखादं भांडं वरच्या फळीवरून निसटताना दिसावं पण हात पोचू नये, तसं सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. घागर मेलेल्या माणसाची भरतात. कमलबाईचं मेलेलं माणूस कोण?

"आई-बापनी," हिलाल म्हणाला.

"ते तुमच्याकडं बघितलं. यांच्याकडंही बघितलं. तिसऱ्यांदा?"

"तिना सासरासनी," सुनंदाबाई म्हणाली.

"सासऱ्याची घागर सासरी असते, बाई. मुलगा भरतो." साहेबांनी बगलेतली फाईल उघडली, चष्मा नाकावर चढवला. "परित्यक्ता. पती हयात, राहणार सुरत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वारले का ते?"

जिवंत नवऱ्याची घागर भरणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. दिपमालानं तर पदर तोंडात धरला. साहेबांच्या मागून नवल मान हलवून खुणा करत होता : हो म्हन, हो म्हन.

कमलबाईनं रुपचंदचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. या वेळी तो सुरतेत कुठल्याशा गाड्यावर फाफडा खात उभा असेल. तिच्या एका 'हो'वर तो तिथं उभ्या उभ्या मेला असता, तोंडात घास तसाच. मग त्याचा दाखला आणा, तो कुठं मेला ते सांगा. आणि 'नाही' म्हटलं, की ही घागर खोटी. घागर खोटी, तर चूल खोटी. चूल खोटी, तर ती भावाच्या ताटातली. आणि मग जन्मभर, दुसऱ्या भाकरीआधी, बघायचं.

"मनी शे," कमलबाई म्हणाली.

"घागर तुमचीच आहे हो. कुणाच्या नावाची?"

"मना नावनी."

साहेबांनी चष्मा काढला.

"सासरनी घागरमा मनं नाव येनार नई, साहेब. तठे आते दुसरी शे," कमलबाई म्हणाली. ती बाजारभाव सांगावा तशी सांगत होती. "भाऊ माय-बापनी भरतस. बहीननी कोनी भरत नई, रीत नशे. पोरसोर माले नई. मी मरसू, तव्हय कोन भरी? म्हनीसन मीच भरी ठेयी. जित्ती शे तवलूक भरी लेस."

हिलाल गव्हाणीकडं बघत होता, जणू बैल कधी विकले ते आठवतोय.

साहेबांनी घागरीकडं पाहिलं, कमलबाईकडं पाहिलं. ते एकदम त्यांच्या घरच्या बोलीत बोलले, "मनी बहीन बी आशीच..." आणि मध्येच थांबले. घसा खाकरून पुन्हा साहेब झाले.

"सरकार धान्य देतं, बाई," ते म्हणाले. "घागर भरायची सोय कुठल्याच योजनेत नाही."

"मालूम शे, साहेब."

"चूल वेगळी आहे. तसं लिहितो."

सुनंदाबाईनं मांडा खाऊन जा म्हटलं, पण ते थांबले नाहीत. त्यांची घागर राहिली होती.

*

कार्ड वाचलं. नवलनं निंबाच्या पाठीवर थाप मारली, निंबानं त्याच्या मारली. दिपमालानं कढईवरची चिठ्ठी सोलून काढली. दुपारी हिलालनं आई-बापाच्या नावानं घास चुलीत टाकला, हात जोडले, पाटावर बसला, आणि समोरच्या मांड्याला बोटही न लावता उठला.

मग सुनंदाबाई गोठ्यात गेली.

"मी सोळा वरीस तुले वाढं," ती म्हणाली. "ताप उना तव्हय डोकावर पट्ट्या ठेयात. नि तू साहेबले सांगस, माले कोनी नई?"

"मी खोटं बोलनी, वहिनी. साहेबले तेच लागत व्हतं."

"खोटं बोलनी का खरं?"

कमलबाईनं टोपल्यावरचं फडकं नीट केलं. "तुम्हीच सांगा. तुम्ही भरी असती का मनी घागर?"

सुनंदाबाईनं तोंड उघडलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. साहेबांशी बोलली ते घरासाठी. तिनं खरोखर विचार केला. मनातल्या मनात तिनं सासूला, आजेसासूला, गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं असावं.

"रीत नशे," ती शेवटी म्हणाली.

"मंग."

एवढ्यात नवल आत डोकावला. त्याला नेहमी अशाच वेळी डोकवायचं असायचं.

"चूल मोडू का आते? गाडी उन्हमा शे. सीट फाटी जाई."

त्याच्या मागं हिलालही आला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. घरातल्या मोडायच्या आणि बांधायच्या गोष्टी तोच ठरवायचा. पण बोलली कमलबाई.

"साहेब लिखी गयात, चूल वेगळी शे. सरकारनं लिखेल मोडतस का, भाऊ?"

"मनी बी ऱ्हाऊ द्या," पडद्याच्या बाजूनं दिपमालाचा आवाज आला. ती ऐकत नव्हती. पडदा पातळ होता.

"म्हंजे घर फुटनं," सुनंदाबाई म्हणाली.

"घर सोळा वरीसथीन फुटेल शे ना माय," कामिनी म्हणाली. "आपले आते मालूम पडनं."

तिला एक धपाटा मिळाला, पण त्यात जोर नव्हता. सुनंदाबाईच्या मनात दुसरंच काही आलं होतं.

"आनि कार्डनं धान्य?"

हा प्रश्न निंबाच्या प्रश्नापेक्षाही चांगला होता.

"येई ना," कमलबाई म्हणाली. "मना घरमा येई. तुमले लागनं त सांगा, वहिनी. लाजू नका."

घरातल्या सात जणांनी यावर विचार केला. निराधार बाईकडं मागायला जायची कोणालाच सवय नव्हती. नवल गाडी पिंपळाखाली लावून आला.

*

दिवेलागणीला कमलबाईनं चूल पेटवली. कामिनी झोक्यावर गेली होती, पोरं आमरस पिऊन आडवी झाली होती. गोठ्याच्या दारात कोणीतरी उभं राहिलं आणि उभंच राहिलं.

"ये ना, भाऊ."

हिलाल आत आला. त्याच्या हातात त्याचं स्वतःचं ताट होतं, रिकामं. कुठं बसावं हे त्याला कळेना. या गोठ्यात तो आजवर बैलांशी बोलायलाच आलेला. शेवटी गव्हाणीला टेकून खाली बसला.

"जेवाले मिये का आठे?"

"तुनं मीठ बंद शे."

"हा."

कमलबाईनं परातीच्या कडेचा एक ओला फडका उचलला. त्याखाली पिठाचा वेगळा गोळा होता.

"हाऊ बिनमिठना शे," ती म्हणाली. "रोज काढी ठेयस. तू येत नई, मंग माले कुत्राले टाकनं पडस."

"खरंच कुत्राले?"

"हा. नवलनी ते एकच खरं सांगं."

हिलाल हसला नाही, पण त्याचे खांदे जरा खाली आले. कमलबाई भाकरी थापू लागली. थापांचा आवाज गोठ्यात घुमत होता.

"कमल," तो जाळाकडं बघत म्हणाला, "पुढला साले तुनी घागर..."

"भाऊ, मी अजून जित्ती शे."

"माले मालूम शे."

"नई, तुले कोनी इचारत नई, म्हनीसन सांगस. सरकारले मी दर साले हयातना दाखला देवाले तालुकाले जाईसन सांगस. तठे मना अंगठा बी लागत नई मशीनले, तरी सांगस."

भाकरी फुगली. तिनं ती त्याच्या ताटात टाकली, ठेचा नाही, नुसतं वरण. हिलालनं दोन घास खाल्ले आणि त्याला ठसका लागला. पाण्याचा तांब्या घरात राहिला होता. कमलबाईनं घागरीवरचं डांगर उचलून खाली ठेवलं, पेला आत बुडवला आणि त्याच्यापुढं धरला.

"ले. नवी घागर शे. पानी गार शे."

हिलालनं पेल्याकडं पाहिलं. घागरीकडं पाहिलं. त्याचा हात अर्ध्यावर थांबला, कारण हे पाणी कुणाच्या नावाचं आहे ते सकाळी त्यानं ऐकलं होतं. कमलबाई पेला धरून तशीच बसली. तिला घाई नव्हती.

त्यानं पेला घेतला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.

पाणी खरंच गार होतं. हिलालनं मिशा पुसल्या, उरलेली भाकरी संपवली आणि टोपल्यातल्या दुसऱ्या भाकरीकडं हात नेला. पण हात लावायच्या आधी त्यानं एकदा बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं.